त्याबद्दल आमचा वाद नाही

तक्ता भरायला घेतला तेव्हा सूनबाईला काळजी नव्हती, कंटाळा होता.

कोर्टात तिला सगळे सूनबाईच म्हणत. सासऱ्यांच्या हाताखाली सतरा वर्षं वकिली केल्यावर दुसरं नाव उरतं कुठे. व्यापारी दावे हा सासऱ्यांचा प्रांत. कुणी माल पाठवला आणि तो खराब निघाला, कुणी यंत्र बसवलं आणि ते चाललंच नाही, कुणी तीस वर्षांची भागीदारी एका दुपारी मोडली, अशी भांडणं. खालच्या कोर्टातले साक्षीपुरावे बहुतेक ती चालवायची आणि वरच्या कोर्टात अपील गेलं की सासरे उभे राहायचे. ऑफिसात आणि कोर्टात ती त्यांना सर म्हणे, घरी बाबा. ही अदलाबदल गाडीत व्हायची. फाटकातून गाडी आत वळली की सरांचे बाबा होत.

तक्ता मागितला होता एका मोठ्या सिमेंट कंपनीने. कंपनीला कोर्टाचं सगळं काम एकाच ऑफिसकडे सोपवायचं होतं. त्याआधी तिला त्या ऑफिसची गेल्या दहा वर्षांची कामगिरी बघायची होती. दावे किती लढवले, किती जिंकले, अपिलं किती झाली, हरली ती का हरली. सरांनी कागद तिच्याकडे सरकवला.

"भर. आपल्याला काय, सोन्याचा दागिना वजनाला टाकायचाय."

पहिली आठ वर्षं भरताना तिचा हात झरझर चालला. चौतीस अपिलं, त्यातली एकोणतीस बाजूने. मग शेवटची दोन वर्षं आली. चार अपिलं. एकात तडजोड, तीन विरुद्ध.

ती थांबली. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, तिन्ही वेळा ती सरांच्या शेजारीच बसलेली होती. पण सुटं सुटं पाहिलेलं एका रांगेत आलं की वेगळं दिसतं. 'का हरलात' या रकान्यात काय लिहायचं? सर तेव्हा म्हणाले होते की न्यायाधीश नवे आहेत. दुसऱ्या वेळी म्हणाले, कायद्याचा रोखच बदललाय. तिसऱ्या वेळी, त्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या माणसाच्या वेळी, म्हणाले, त्याचं नशीबच फुटकं. आणि ती हो म्हणत आली होती.

तो रकाना तिने कोरा ठेवला.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. वर्षभरापूर्वी सरांनी ऑफिसातली खुर्ची हलवून घेतली होती, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. आता येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या उजव्या हाताला बसायचा. फोनवर ते म्हणायचे, "लेखी पाठवा हो, लेखी बरं असतं." कोर्टात पूर्वी ते मेजापाशी उभे राहत, हल्ली चार पावलं पुढे जाऊन न्यायाधीशांच्या अगदी समोर. सगळे म्हणत, काय थाट आहे म्हाताऱ्याचा. घरी जेवताना कुणी विनोद केला की बाबा हसत, पण सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा.

एका सकाळी ते वाचत बसले असताना ती त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"सर, तुमची फाईल खाली पडलीय."

काहीच नाही. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. त्यांनी शांतपणे पान उलटलं.

ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी सकाळपासून लोकांना तोंड उघडा म्हणतो. बाबांना कान उघडा कोण म्हणणार?" तो दातांचा डॉक्टर होता आणि अडचणीच्या वेळी असलेच विनोद करायचा. मग गंभीर होऊन म्हणाला, "गुरुवारचं अपील होऊ दे. मग आपण दोघं बोलू त्यांच्याशी."

तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणू या.

गुरुवारचं अपील होतं पंखेवाल्या बाईंचं. बाईंचा कारखाना होता, मोठाली वाळवणयंत्रं बनवण्याचा. नुसते पंखे बनवायचे त्या काळापासून पडलेलं नाव त्यांना चिकटलं होतं. एका कागदगिरणीने त्यांच्याकडून यंत्र घेतलं आणि पुढे ते सदोष आहे म्हणून दावा लावला. करारात अट अशी होती की दोष आढळला तर चौदा दिवसांच्या आत लेखी कळवायचं. गिरणीचं पत्र आलं एकोणिसाव्या दिवशी. खालच्या कोर्टात सूनबाईने हाच मुद्दा धरून दावा जिंकला होता. गिरणीचं म्हणणं असं की नवव्या दिवशी बाईंचा इंजिनिअर स्वतः गिरणीत येऊन गेला, त्याने दोष पाहिला, मग पत्राची गरजच काय? इंजिनिअरने शपथेवर सांगितलं होतं, मी पट्टा बदलायला गेलो होतो, दोष मला दिसला नाही. त्याच्या त्या एका वाक्यावर सगळा डोलारा उभा होता.

गिरणीच्या वकिलाला सगळे गोडबोल्या म्हणत. तो समोरच्याचा गळा कापतानासुद्धा आधी मफलर नीट करून देई.

गुरुवारी सूनबाई पहाटेच उठली. तिने संभाव्य प्रश्नांच्या बावीस चिठ्ठ्या लिहिल्या, ठळक अक्षरात. प्रश्न आला की योग्य चिठ्ठी पुढे सरकवायची. घरून निघताना नुसतं दूध प्यायली.

कोर्टात दोन न्यायाधीश होते. थोरल्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमायचा, त्यांचं सरांना सगळं ऐकू येत होतं. धाकट्या न्यायाधीश बाई मात्र हळू बोलत, आणि बोलताना मान कागदात घालत. दोन तास बरे गेले. सर असे बोलत होते की मागच्या बाकांवरचे तरुण वकील आपली कामं सोडून ऐकत राहिले. सूनबाईच्या सहा चिठ्ठ्या कामी आल्या. सातव्या वेळी सरांनी एका जबानीचं पान मागितलं आणि ती खाली वाकून गठ्ठ्यात ते शोधू लागली.

तेवढ्यात धाकट्या बाईंनी खाली बघतच विचारलं, "चौदा दिवसांच्या आत तुमचा इंजिनिअर तिथे जाऊन दोष पाहून आला होता, हे तुम्हाला मान्य आहे का?"

सर म्हणाले, "चौदा दिवस. होय, त्याबद्दल आमचा काही वाद नाही."

सूनबाईने मान वर केली. सरांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. करारात चौदा दिवसांची अट आहे ना, एवढंच आपल्याला विचारलं असं ते समजले होते. धाकट्या बाईंनी भुवया उंचावल्या. थोरले म्हणाले, "वाद नाही? तशी नोंद घेऊ?" आणि सर म्हणाले, "अवश्य."

ती अर्धी उठली. सतरा वर्षांत तिने त्यांना भर कोर्टात कधी अडवलं नव्हतं. ज्युनिअरने सीनिअरला मध्येच तोडू नये, हा त्यांनीच घालून दिलेला पहिला धडा. गोडबोल्याने तिच्याकडे पाहिलं, अगदी मायेने. ती खाली बसली.

रोजनाम्यात नोंद झाली. पुढची तारीख आठ दिवसांनी पडली.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "छान झालं आज. धाकट्या बाईंना मुद्दा पटलेला दिसतोय."

गाडीत ती काही बोलली नाही. फाटकातून आत वळल्यावरही बोलली नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. सूनबाईने पर्स खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सासूबाईंचा विळीवरचा हात थांबला नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "गेली दोन वर्षं मी त्यांचे फोन घेते. पलीकडचं ऐकते आणि त्यांना बोटांनी खुणा करून सांगते. कानाला लावायचं यंत्रसुद्धा आणलंय. आठ महिने झाले. मोज्यांच्या खणात पडलंय. दोनदा लावलं. म्हणाले, कागद उलटला तरी पत्रे कोसळल्यासारखे वाटतात."

"आई, मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगायचं म्हणजे कोर्टाला सांगायचं. त्यांनी शपथ घातली होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, मला वाटायचं तुला कळलंय आणि तूही गप्प बसलीयस. आपल्या घरात कानाडोळा करण्यात सगळेच हुशार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या सूनबाईने सरांच्या समोर, ओठ दिसतील अशी, बसून सांगितलं की काल तुम्ही इंजिनिअरचा मुद्दा मान्य केलात.

"शक्यच नाही. मी असं काही बोललेलो नाही."

"रेकॉर्डिंग कालच मागवलं होतं सर. आलंय."

"लाव."

तिने लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि बटण दाबलं. धाकट्या बाईंचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला. सरांचं उत्तर आलं. थोरल्यांचा प्रश्न, सरांचं 'अवश्य'. सर पडद्याकडे बघत होते, हात टेबलावर जुळवून, वाट पाहत.

"लाव ना," ते म्हणाले.

तिने पडद्याकडे बोट केलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावर सरकणाऱ्या रेषेकडे. ती रेषा अर्ध्याहून पुढे गेली होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलेलं तिने पाहिलं, आणि आपण इथे नसतो तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

लॅपटॉप मिटून ते म्हणाले, "तू का नाही उठलीस?"

रात्रभर तोच प्रश्न तिने स्वतःला विचारला होता.

मग दोघांनी मार्ग शोधायला सुरुवात केली. जीभ घसरली म्हणावं, तर लगेच का दुरुस्त केलं नाही, उलट 'अवश्य' का म्हणालात, असं गोडबोल्या विचारणार. काहीच न करावं, तर पंखेवाल्या बाईंचा दावा बुडाला. शेवटी तीच म्हणाली, "माझ्यावर घेते मी. प्रतिज्ञापत्र करते, की मी तुम्हाला चुकीचं पान दिलं, त्यावरून तुमचा गैरसमज झाला."

तिला वाटलं, ते नाही म्हणतील.

"चालेल," सर म्हणाले. "तू तरुण आहेस. तुझं निभावेल."

खोटं शपथेवर लिहायला ती टेबलाशी बसली. पकडली गेली तर सनद जाणार. नाही पकडली गेली तर? तर हा माणूस पुढे दुसरं अपील चालवणार, त्याच्यानंतर तिसरं. तरी तिने लिहिलं. लिहून ती अशिलाची संमती घ्यायला पंखेवाल्या बाईंच्या कारखान्यात गेली.

कारखान्यात नव्या यंत्राची चाचणी चालली होती आणि त्या घरघरीत स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नव्हता. बाई तिला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या, दार लावलं, कागद वाचला, आणि चष्मा काढला.

"वकीलबाई, सरांना ऐकू येत नाही ना?"

सूनबाई काचेबाहेर बघू लागली.

"मला पहिल्याच भेटीत कळलं होतं. माझ्याकडे भट्टीवरची जुनी माणसं आहेत. वीस-वीस वर्षं या आवाजात काढलेली. ती अशीच बघतात, डोळ्यांत नाही, ओठांकडे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच मान हलवतात."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुम्हाला माहीत नसेल असं मला कसं वाटणार? शेजारीच बसता त्यांच्या. मला वाटलं तुमची काहीतरी सोय असेल." त्यांनी कागद परत सरकवला. "ह्यावर मी हो म्हणणार नाही. उद्या हे उघडं पडलं तर माझं खरं म्हणणंही लोक खोट्यात जमा करतील. इंजिनिअर माझा भाचा आहे. तो कोर्टात खरं बोललाय. खरं काय ते सांगा, नाहीतर कागदपत्रं द्या, मी दुसरा वकील बघते. राग नाही माझा. पण बुधवारपर्यंत सांगा."

परत येताना सूनबाईला भीतीच्या जोडीने एक हलकेपणाही वाटत होता, आणि त्या हलकेपणाची लाज वाटत होती.

सरांना तिने बाईंचं म्हणणं शब्दशः लिहूनच दिलं. बोलायची हिंमत नव्हती. त्यांनी वाचलं. 'पहिल्याच भेटीत' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे भट्टीवरच्या माणसांसारखा दिसतो मी."

"सर."

"कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणतील लोक तुला. म्हणतील, म्हाताऱ्याला बाजूला सारलं सुनेने."

"म्हणू देत."

ते उठून दाराबाहेर गेले. त्या दिवशी ते ऑफिसात परत आले नाहीत. तिने दहा वेळा घरी फोन केला, आणि दहाही वेळा सासूबाई म्हणाल्या, खोलीत आहेत, दार लावलंय, कपाट उघडल्याचा आवाज आला होता. शेवटी तीही घरी आली, नवरा दवाखाना बंद करून येऊन बसला. तिघं दिवाणखान्यात बसून राहिले, आणि कुणी कुणाला धीर देईना, कारण ज्याच्या त्याच्या मनात वाईटच येत होतं.

संध्याकाळी दार उघडलं. बाबांच्या दोन्ही कानांत ती यंत्रं होती आणि हातात त्यांच्याच अक्षरात लिहिलेले दोन कागद.

"पंखा बंद करा," ते म्हणाले. "आणि ही घड्याळं इतकी मोठ्याने का चालतात?"

कागदावर सगळं होतं. दोन वर्षांपासून ऐकू कमी येतं, आठ महिन्यांपूर्वी तपासून यंत्र घेतलं, अभिमानापोटी वापरलं नाही, प्रश्न न कळता उत्तर दिलं, अशिलाची यात चूक नाही, ज्युनिअरची नाही. शेवटचे दोन शब्द त्यांनी खोडून पुन्हा लिहिलेले दिसत होते.

गुरुवारी कोर्ट भरलेलं होतं. अशा बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. सर उभे राहिले, प्रतिज्ञापत्र पुढे दिलं. थोरल्या न्यायाधीशांनी वाचलं, धाकट्यांकडे दिलं. खोकल्याचा आवाजसुद्धा नव्हता.

गोडबोल्या उठला. म्हणाला, ज्येष्ठांबद्दल मला अपार आदर आहे, माझे वडीलही असेच ऐकू येत नाही म्हणून किती वर्षं लपवत होते. पण एकदा दिलेली कबुली सोयीने परत घेता येऊ लागली तर कोर्टातल्या कुठल्याच शब्दाला अर्थ राहणार नाही. आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हे सूनबाईलाही कळत होतं.

धाकट्या बाई काहीतरी बोलल्या. सरांनी कानाशी हात नेला. त्या पुन्हा बोलल्या, मोठ्याने, एकेक शब्द तोडून, लहान मुलाशी बोलावं तशा. मागे कुणीतरी हसू दाबलं. बाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्या थांबल्या, एका कागदावर प्रश्न लिहिला आणि शिपायाच्या हाती खाली पाठवला.

सरांनी वाचून दाखवला. "'या काळात तुम्ही या कोर्टात आणखी किती अपिलं चालवलीत?'"

हा प्रश्न येणार हे दोघांनाही ठाऊक होतं. या एका उत्तराने चौतीस-एकोणतीस सगळं धुतलं जाणार होतं.

"चार," सर म्हणाले. "तीन हरलो. त्यातलं किती कायद्यामुळे आणि किती माझ्यामुळे, हे मला आज सांगता येत नाही. शोधणार आहे."

न्यायाधीश आत जाऊन वीस मिनिटांनी परत आले. कबुली परत घ्यायला परवानगी दिली. गिरणीच्या त्या दिवसाचा खर्च सरांनी स्वतःच्या खिशातून द्यावा, अशिलाकडून घेऊ नये. प्रतिज्ञापत्राची प्रत वकिलांच्या परिषदेकडे पाठवावी. इंजिनिअरच्या मुद्द्यावर तीन आठवड्यांनी नव्याने ऐकू.

त्या तीन आठवड्यांनी सूनबाई उभी राहिली. सर शेजारी बसले, ज्युनिअरच्या खुर्चीत. पहिल्या पाच मिनिटांत तिचा आवाज दोनदा चिरकला. नंतर गोडबोल्याने नवव्या दिवसाची गोष्ट काढली तेव्हा मात्र तिला खालच्या कोर्टातली स्वतःचीच उलटतपासणी तोंडपाठ असल्याचं आढळलं आणि मग ती कुणाकडे न बघता बोलत गेली. निकाल लागला तो असा: इंजिनिअरने दोष पाहिल्याचा पुरावा नाही, मुख्य दावा फेटाळला तो बरोबर. पण यंत्राच्या एका भागाबद्दल वेगळी हमी होती, तेवढ्यापुरतं प्रकरण परत खालच्या कोर्टात. पंखेवाल्या बाई म्हणाल्या, चला, भाकरी आपली राहिली, चतकोराचं पुढे बघू, आणि खालच्या कोर्टाचं कामही तिलाच दिलं. सिमेंट कंपनीने एका ओळीचं पत्र पाठवून आपण अन्य व्यवस्था केल्याचं कळवलं. वकिलांच्या परिषदेकडून अजून काही आलं नव्हतं. टपाल आलं की सूनबाई आधी पाकिटांवरचे पत्ते बघायची.

आणि तीन हरलेली अपिलं होती.

त्यांची रेकॉर्डिंगं मागवून दोघं रोज सकाळी तासभर बसत. ती ऐकायची आणि प्रत्येक प्रश्न टाईप करायची, सर स्वतःचं उत्तर शेजारी वाचायचे. पहिल्या अपिलात सगळं जागच्या जागी होतं. हरले ते कायद्याने. दुसऱ्यातही तेच. सर जरा सैलावले. तिसरं, झाकणवाल्याचं अपील लावल्यावर मात्र चाळिसाव्या मिनिटाला सूनबाईने टाईप करणं थांबवलं.

"लिही," सर म्हणाले.

न्यायाधीशांनी विचारलं होतं, मालाची तपासणी कोणी केली. सरांनी माल कुठल्या तारखेला पोचला ते सांगितलं होतं. पुन्हा विचारलं होतं, पुन्हा तारीखच सांगितली होती. निकालपत्रात एक वाक्य होतं, जे दोघांनीही तेव्हा वाचून सोडून दिलं होतं: तपासणीबद्दल वारंवार विचारूनही उत्तर मिळाले नाही.

"मी शेजारी होते," सूनबाई म्हणाली. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम टाळताय. डावपेच असेल."

सरांनी झाकणवाल्याचा पत्ता काढायला सांगितला.

त्याचा कारखाना बंद पडला होता. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात मालाच्या गोदामावर देखरेख करायचा. दोघं गेले तेव्हा तो पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या रांगांमधून हातात यादी घेऊन फिरत होता. सरांना पाहून त्याने पटकन एक स्टूल पुसून पुढे केलं.

सर बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. झाकणवाला ऐकत राहिला. यादी त्याने खोक्यावर ठेवली.

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं असतं तर मी जिंकलो असतो?"

"सांगता येत नाही," सर म्हणाले. "कदाचित नसतासुद्धा. पण उत्तर आपल्याकडे होतं, आणि ते मी दिलं नाही."

"वर्षभर मी बायकोला सांगतोय की कायदाच तसा होता, कुणाचा दोष नाही. तिचा भाऊ म्हणत होता वकील बदल. मी म्हटलं, एवढी अपिलं जिंकलेला माणूस आहे." त्याचा आवाज चढला नाही. "आता घरी जाऊन काय सांगू?"

सूनबाईने पाकीट पुढे केलं. त्यात रेकॉर्डिंग होतं, तिने टाईप केलेली पानं होती, सरांची सही केलेली कबुली होती आणि दुसऱ्या एका वकिलाचा पत्ता, ज्याचा ह्यांच्याशी काही संबंध नव्हता. फेरविचाराची मुदत उलटून गेली होती. पण उशीर माफ करून घेता येतो, आणि ते नाही जमलं तर त्याला थेट सरांवर दावा लावता येईल, तसं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. झाकणवाल्याने पाकीट घेतलं, उघडलं नाही. पाठ फिरवून तो खोक्यांच्या रांगेकडे निघाला आणि जाता जाता काहीतरी बोलला.

गोदामाबाहेर ट्रक मागे येत होता. तो थांबेपर्यंत सर भिंतीला टेकून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "जाताना तो काय म्हणाला?"

सूनबाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणाला, म्हातारा मेला असता तर निदान त्याला चांगलं म्हणत राहिलो असतो."

सरांनी मान हलवली, वाक्य पुरतं संपल्यावर.

"अर्जाला उशिराचं कारण द्यावं लागेल त्याला," ते म्हणाले. "त्याच्या वकिलाला माझी साक्ष लागली तर मी येईन म्हणावं. तसं पत्र आजच पाठव."

ती हो म्हणाली आणि गाडीचं दार उघडून उभी राहिली.